जंगलातली पायवाट कशी बांधावी, कशी राखावी : इंदूरला श्रमदानाला येणाऱ्या नवख्यांसाठी

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल मागे टाकलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि चोरलच्या बाजूने विंध्याचा उतार सुरू होतो. महूकडून गेलात तर पातालपाणी, काळाकुंड, जानापाव, पुढे जामघाट. पावसाळ्यातल्या रविवारी या सगळ्या पट्ट्यात शहर लोटतं. डोंगर हिरवेगार, धबधबे भरलेले, आणि पायाखालची वाट मात्र पार गेलेली : मधोमध गुडघाभर घळ, घळ टाळायला लोकांनी दोन्ही बाजूंनी पाडलेल्या नव्या वाटा, झाडांची मुळं उघडी पडलेली. अशा वाटा दुरुस्त करायला, कुठे कुठे नव्याने आखायला रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातून मंडळी येऊ लागली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कुदळ धरलेली नसते. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. वाट बिघडते ती चालणाऱ्यांच्या पायांनी थोडी आणि वाहत्या पाण्याने फार. आपल्या भागात वर्षाला सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उतारावर कुठेही मोकळी, दबलेली, सरळ पट्टी दिसली की पाणी तीच धरतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर मी पुन्हा पुन्हा पाण्याकडेच येणार आहे, कारण झुडपं तोडणं कोणालाही जमतं. पाणी वाटेवरून उतरवून देणं शिकावं लागतं.

आधी परवानगी

विंध्याच्या उतारावरचं बहुतेक जंगल वनविभागाच्या ताब्यात आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, झाड तोडणं, विस्तव करणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असो, हातात कोयता आणि कुदळ घेऊन वीस माणसं जंगलात दिसली तर बीट गार्डने, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाने, अडवणं हे त्याचं कामच आहे. रालामंडलसारख्या अभयारण्यात नियम आणखी कडक. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, नुसत्या प्रवेशालाही परवाना लागतो. अभयारण्यात वाटेचं काम विभागाने स्वतः बोलावलं आणि त्यांचा माणूस सोबत असला तरच करायचं.

अर्ज वनमंडलाधिकाऱ्यांच्या नावे करा, पण त्याआधी रेंजर साहेबांना भेटा आणि त्याही आधी त्या भागातल्या बीट गार्डबरोबर एकदा चालून या. कुठली वाट, वनविभागाच्या कुठल्या कक्ष क्रमांकातून (जंगलाच्या नंबर दिलेल्या तुकड्यातून) जाते, किती लांब, किती रुंद, कोणत्या तारखांना किती माणसं येणार, कोणती हत्यारं आणणार, सगळं एका पानात लिहा. मोबाइलवर वाट चालून नोंदवता येते; तो नकाशा अर्जाला जोडा. एकही उभं झाड तोडणार नाही, विस्तव करणार नाही, बाहेरून माती-मुरूम आणणार नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहून द्या. मिळालेल्या पत्राची प्रत प्रत्येक श्रमदानाच्या दिवशी गटप्रमुखाच्या खिशात हवी.

मग गाव

तुम्हाला जंगलात जी वाट "कोणाचीच नाही" वाटते, ती कोणाची तरी असते. या भागात भिल, भिलाला कुटुंबांचं येणंजाणं या वाटांवरूनच चालतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला, पुढे तेंदूपत्ता तोडायला, रोज गुरं चारायला, पलीकडच्या पाड्यावर पाहुण्यांकडे जायला. वाट वळवली, बंद केली किंवा नुसता दगड इकडचा तिकडे केला तरी त्यांच्या दिवसात फरक पडतो. म्हणून पटेलांकडे (गावच्या पाटलांकडे) जा, वन समितीच्या अध्यक्षांकडे जा, आणि घाई न करता बसा. आपली मराठी तिथे चालत नाही. हिंदी चालते आणि निमाडी नुसती समजली तरी माणसं मोकळी होतात. "दादा, पावसात ह्या नाल्याचं पाणी कुठवर येतं?" हा प्रश्न विचारला की जी माहिती मिळते ती कुठल्याच नकाशावर नसते.

माझं मत स्पष्ट आहे : जुनी चालती वाट असेल तर नवी काढू नका. विशेषतः गुरांची वाट नीट बघा. गाई-म्हशी चढण टाळत डोंगराच्या कुशीतून आडव्या चालतात, त्यामुळे त्यांच्या कित्येक वाटा आपण मोजून आखू तितक्याच समपातळीत निघतात. शेळ्यांच्या मागे मात्र जाऊ नका.

कामाला गावातले दोघे-तिघे सोबत घ्या आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या. शहरातल्या माणसाला रविवार मोकळा असतो, त्यांचा तो रोजगाराचा दिवस असतो.

आखणी : इथे घाई करू नका

खोदायला एक महिना लागणार असेल तर आखायलाही तेवढाच वेळ द्या. चुकीच्या जागी चांगली बांधलेली वाट दोन पावसाळ्यांत जाते. योग्य जागी ओबडधोबड पडलेली वर्षानुवर्षं टिकते.

नियम तीनच, पण ते पाठ करा. पहिला : वाट उताराच्या आडवी जावी, सरळ खाली कधीही नाही. वरून पाणी ज्या दिशेने धावेल त्याच दिशेने वाट काढली की तिचा नाला झालाच. दुसरा : वाटेची चढण ही डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. समजा डोंगराचा उतार ३० टक्के आहे, म्हणजे दहा मीटर आडवं गेल्यावर तीन मीटर उंची. तिथे वाटेची चढण १५ टक्क्यांच्या आतच हवी. याहून तीव्र केली तर पाण्याला वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेवरूनच वाहणं सोपं पडतं. तिसरा : एकूण वाटेची सरासरी चढण १० टक्क्यांच्या आत ठेवा. एखादा छोटा टप्पा जास्त चढला तर चालतो, पण त्यानंतर लगेच सौम्य टप्पा हवा.

यावरून आणखी एक गोष्ट निघते, ती नवख्यांना उलटी वाटते. सपाट जागा वाटेसाठी वाईट. तिथे पाण्याला उतरायला बाजूच नसते, ते साचतं, लोक चिखल टाळून कडेने जातात आणि वाट दरवर्षी रुंद होत जाते. सौम्य उताराची कूस मिळत असेल तर सपाटी सोडा.

चढण मोजायला महाग यंत्र नको. दोन सरळ बांबू, प्रत्येकी साधारण सव्वादोन मीटरचे, वरच्या टोकाला एकत्र बांधा. खाली पायांमध्ये बरोबर दोन मीटर अंतर ठेवा. मध्ये आडवी काठी बांधा आणि वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा. पाणलोटाची कामं करणारे अशीच चौकट वापरतात. आता ती जमिनीवर उभी करून ओळंब्याची दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे पेन्सिलने खूण करा. मग डाव्या पायाच्या जागी उजवा आणि उजव्याच्या जागी डावा पाय ठेवून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. आता चौकट समपातळीत उभी करून एका पायाखाली १६ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा. दोन मीटरमागे १६ सेंटिमीटर म्हणजे ८ टक्के. दोरी जिथे सरकली तिथे लाल खूण करा. काठीच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच. झालं तुमचं यंत्र. दोघांनी मिळून पाऊल-पाऊल चौकट फिरवत जायचं, दोरी लाल खुणेपलीकडे गेली की मागे येऊन थोडं खालून किंवा वरून जायचं, आणि जिथे पाय टेकला तिथे फांदीला कापडी चिंधी बांधायची. प्लास्टिकच्या फिती नकोत. त्या राहून जातात.

चिंध्या बांधून झाल्या की ती ओळ दोन्ही बाजूंनी चाला. चढताना बरी वाटणारी ओळ उतरताना विचित्र वळते. आणि शक्य असेल तर जुलैत, भर पावसात, छत्री-रेनकोट घेऊन त्याच ओळीवर उभे राहा. कुठून पाझर येतो, कुठे ओहोळ फुटतो, हे अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं कोरड्या दिवसांत कळत नाही.

काळ्या मातीपासून दूर राहा. माळव्याची ही माती गव्हा-सोयाबीनला सोनं, पण वाटेला वैरी. पावसात फुगते, बुटाला चिकटून येते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर बांधलेलं काहीच जागेवर राहत नाही. उतारावर जिथे मुरूम किंवा काळा दगड वर आलेला दिसतो, तिथून वाट न्या. काळ्या मातीचा तुकडा टाळताच येत नसेल तर त्यावर सपाट दगड एका पावलाच्या अंतराने पक्के बसवा. नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात तो मातीत गडप होतो.

नाले कुठे ओलांडायचे हेही आखणीतच ठरतं. काठ खडकाळ, पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल अशी जागा शोधा आणि धबधब्याच्या तोंडापासून खूप वर राहा. पातालपाणीला जुलै २०११ मध्ये वरच्या भागातल्या पावसाने अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभं असलेलं एक कुटुंब धबधब्यावरून खाली गेलं, त्यातल्या काहींचा जीव गेला. जिथे तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसतानाही पाणी वाढतं. म्हणून नाल्याच्या अलीकडे, पाणी चढलं तर लोकांना थांबता येईल अशी उंच, मोकळी जागा वाटेवर असलीच पाहिजे.

हत्यारं

कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं, पहार (दुकानात सब्बल म्हणून मागा), कोयता आणि हाताची करवत. दहा जणांच्या गटाला तीन कुदळी, तीन फावडी, दोन पहारी पुरतात. बाकीचे माती हलवतात, दगड आणतात. दांडा सैल असेल तर पाचर ठोका आणि आदल्या रात्री डोक्याकडची बाजू पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे लाकूड फुगून घट्ट बसतं. धार लावायला कानस सोबत ठेवा. बोथट कुदळीने माणूस दमतो आणि दमलेल्या माणसाच्या हातून अपघात होतो.

चालताना हत्यार खांद्यावर घेऊ नका. दरीच्या बाजूच्या हातात, खाली धरा. पाय घसरला तर ते तुमच्यापासून दूर फेकता येतं. काम करताना दोन माणसांत किमान तीन मीटर अंतर. मागून जाणाऱ्याने आवाज द्यायचा, खोदणाऱ्याने थांबून वळून बघायचं, मगच पुढे जायचं. दगड सुटला की एकच शब्द, मोठ्याने : "दगड!"

खोदाई

नवी वाट खोदायची तर ऑक्टोबर ते जानेवारी. पाऊस ओसरल्यावर जमिनीत ओल असते, खोदायला मऊ आणि दाबली की घट्ट बसणारी. मे महिन्यात तीच जमीन दगडासारखी होते आणि खोदलेली माती धूळ होऊन उडते.

आधी पालापाचोळ्याचा थर फावड्याने ओढून वरच्या बाजूला साठवा, फेकू नका. खालची माती लागली की डोंगराच्या आत खोदत जा. पूर्ण एक मीटर रुंदीची वाट ही न हललेल्या जमिनीवरच बसली पाहिजे. नवखे लोक नेमकं उलटं करतात : अर्धी रुंदी आत खोदतात आणि निघालेली माती बाहेरच्या कडेला टाकून उरलेली अर्धी भरून काढतात. दिसायला वाट तयार होते, पण बाहेरचा अर्धा भाग भरावाचा असतो आणि पहिल्या जोरदार पावसात खचतो. ३०-४० टक्के उतारावर एक मीटर रुंदीसाठी आत तीस-चाळीस सेंटिमीटर खोल कापावं लागतं. तेवढं कापायचंच. निघालेली माती घमेल्याने खालच्या उतारावर लांब पसरून टाका, कडेला तिचा ढीग नको.

आतली भिंत उभी ठेवू नका, तिला तिरकी उतरती करा आणि साठवलेला पालापाचोळा तिच्यावर पसरा. त्यातल्या बिया पुढच्या पावसात उगवतात, मुळं माती धरतात.

आता सगळ्यात नाजूक भाग. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किंचित कललेला हवा : एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर. डोळ्याला हा कल जवळजवळ दिसत नाही. पायाला तर जाणवतच नाही. म्हणून तपासायची सोपी रीत : बाटलीतलं पाणी वाटेच्या आतल्या कडेला हळूहळू ओता आणि वाकून बघा. आधी ते धुळीत जिरतं, मग एक बारीक जीभ पुढे सरकते. ती आडवी जाऊन बाहेरच्या कडेवरून उतरली तर काम बरोबर. ती वाटेच्या लांबीने पुढे निघाली किंवा मध्येच डबकं करून थांबली तर तेवढ्या भागात पुन्हा फावडं मारा. दर पाच-सहा पावलांवर ही परीक्षा घ्या. कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका, पाऊस हीच परीक्षा घेणार आहे.

पाणी उतरवणं

बाहेरचा कल कितीही काळजीने दिला तरी चालणाऱ्यांच्या पायांनी दोन-तीन वर्षांत मध्ये खळ पडते, कडेला मातीची वरंबी तयार होते आणि पाणी वाटेत कोंडतं. म्हणून दुसरी तरतूद आखणीच्या वेळीच करायची. उतरत जाणारी वाट मध्येच थोडी चढवायची आणि मग पुन्हा उतरवायची. आम्ही याला झोल म्हणतो. वाटेवरून वाहत येणारं पाणी झोलाच्या तळाशी थांबतं, पुढे चढण असल्याने जाऊ शकत नाही, आणि बाहेरच्या कडेने खाली उतरतं. झोल लांबट हवा, चार-पाच मीटर तरी, म्हणजे चालणाऱ्याला कळतही नाही आणि गाळ साचून लगेच बुजतही नाही. तळाशी बाहेरची कड एक मीटरभर मोकळी ठेवा आणि खाली पाणी पडेल तिथे दगड टाका, नाहीतर खालचा उतार कापला जाईल. सौम्य टप्प्यात झोल लांब-लांब चालतात. चढण वाढली की दर पंधरा-वीस मीटरला एक द्या.

जुन्या, खोल गेलेल्या वाटेवर झोल काढता येत नाही. तिथे दगडी आडबांध घालावा लागतो. वाटेला काटकोनात घातलात तर पाणी बांधावर थडकून माती टाकतं आणि एका पावसात बांध बुजतो, म्हणून साधारण ४५ अंशांत तिरका घाला, बाहेरचं टोक खाली. आपल्याकडे काळ्या पाषाणाची कमी नाही. मोठे, चपट्या तोंडाचे दगड निवडा. चर खणून दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत जाईल असा बसवा, एकमेकांना घट्ट भिडवून, आणि दोन्ही टोकं वाटेच्या रुंदीबाहेर न्या. दगडावर उभं राहून अंग हलवून बघा. हलला तर काढून पुन्हा बसवा. मोठा दगड हलवताना दोघे पहारीवर, एकजण सूचना द्यायला, आणि दगडाच्या खालच्या बाजूला कोणीही नको.

वळणं कमी ठेवा. प्रत्येक वळणावर लोक आडवाट काढतात आणि ती आडवाट सरळ उताराने जाते. वळण घ्यावंच लागलं तर एखादा मोठा खडक किंवा दाट जाळी मध्ये येईल अशा जागी घ्या, म्हणजे खालची वाट वरून दिसत नाही. दिसलीच तर मधल्या जागेत बोरी-बाभळीच्या वाळक्या काटक्या टाका. पाटी लावून लोक थांबत नाहीत, काट्यांनी थांबतात.

झाडोरा

डोक्याच्या वर, अडीच मीटरपर्यंत फांद्या नकोत. बाजूला हात पसरता येतील इतकी मोकळीक. बस. छोटी फांदी छाटायची तर खोडाशी जो फुगीर भाग असतो त्याच्या बाहेर, आधी खालून अर्धवट कापून मग वरून कापा, म्हणजे साल सोलत जात नाही. मोठी फांदी, पडलेला साग, काहीही असलं तरी बीट गार्डला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. सागाचं लाकूड उचलून वाटेच्या कामाला वापरणंही नको.

घाणेरी मात्र मनापासून काढा. ही परदेशी झुडूपवर्गातली वनस्पती शोभेसाठी म्हणून आली आणि जंगलं खाऊन बसली आहे. वरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीच्या तीन-चार बोटं खाली कुदळीने तोडा, झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवा. काळी फळं धरण्याआधी हे काम उरका. फळं लागलेली झुडपं वाटेवरून ओढत नेली तर तुम्हीच बिया पेरत जाता. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा. त्याने अनेकांच्या अंगावर पुरळ येतं.

खाजकुहिली ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. पिकलेल्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते, हिवाळ्यात शेंगा वाळल्या की वाऱ्यानेही ती उडते. अंगाला लागली तर चोळू नका, चोळल्याने केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. कपडे झटकू नका, वेगळ्या पिशवीत भरून घरी न्या आणि वेगळे धुवा. लोंबणाऱ्या त्या शेंगा दिसल्या तर त्या दिवशी तो टप्पा सोडून पुढे जा.

जिवाची काळजी

या जंगलात बिबट्या आहे, तरस आहे, रानडुकरं आहेत. सकाळी उजाडल्यावर पुरेसा प्रकाश आला की काम सुरू, पाच वाजता जंगलाबाहेर. एकट्याने कुठेही जायचं नाही, लघवीलासुद्धा दोघांनी.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघेही विषारी. दगड उचलण्याआधी पहारीने हलवा, बोटं खाली घालू नका. घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड पँट हवीच. साप चावला तर माणसाला खाली बसवा, चावलेला हात-पाय हलणार नाही असा काठीला बांधा, अंगठी-कडं काढा. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, भोप्याकडे (मांत्रिकाकडे) नेणं यातलं काही नको. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात थेट न्या. शहरात एमवाय रुग्णालय आहे, पण कामाच्या जागेपासून सर्वांत जवळ प्रतिविष कुठे ठेवलेलं असतं हे गटप्रमुखाने आधीच फोन करून विचारून ठेवायचं. जंगलात फोनची रेंज कुठे मिळते ती जागाही सर्वांना दाखवायची.

धबधब्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका. मोहोळाखाली आवाज नको, धूर तर मुळीच नको. माशा उठल्या तर तोंड झाकून, हात न झटकता लांब जा. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात गोचिड्या असतात, घरी गेल्यावर अंग नीट तपासा.

घरून पोटभर खाऊन निघा. माणशी दोन-तीन लिटर पाणी, थोडं मीठ-साखर, चणे-गूळ. चहाची तल्लफ थर्मासवर भागवा. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. सागाचा पाला तेव्हा पायाखाली कडकडतो. बिडी-सिगारेट, चूल, अगदी उदबत्तीसुद्धा बंद.

वर्षाचा फेरा

वाट एकदा बांधली की पुढचं सगळं देखभालीवर आहे, आणि खरं सांगायचं तर फोटो बांधताना निघतात, देखभालीला माणसं कमी पडतात. नवरात्र संपलं की पहिली फेरी : पावसाने काय नेलं ते बघा, कडेला जमलेली वरंबी फावड्याने कापून बाहेरचा कल पुन्हा मोकळा करा, वाढलेलं गवत कापा. हिवाळ्यात मोठी दुरुस्ती. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेवरचा पाला बाजूला ओढा. स्वच्छ वाट वणव्यालाही थोडी अडवते. एप्रिल-मेमध्ये भल्या पहाटे निघून दगडाची किरकोळ कामं, दहाच्या आत परत. पावसाळ्यात कुदळ पूर्ण बंद. तेव्हा फक्त चालायचं, बघायचं, फोटो काढायचे. ओल्या वाटेवर केलेली खोदाई वाटेला जखम करते.

एक सोपी व्यवस्था फार उपयोगी पडते. वाटेचे दोनशे-दोनशे मीटरचे टप्पे पाडा, खडकावर छोट्या खुणा करा आणि एकेक टप्पा एकेका कुटुंबाला द्या. टप्प्यात किती झोल आहेत, किती आडबांध, कुठे दगड हलतो, हे त्या कुटुंबाने एका वहीत लिहायचं. लहान मुलं असली तर झोल मोजणं आणि पाल्याने बुजलेले निचरे (पाणी बाहेर उतरण्याच्या जागा) शोधणं ही कामं त्यांना द्या. ती मोठ्यांपेक्षा बारकाईने बघतात. आजी-आजोबांनी वरच्या टप्प्यावर चढायची गरज नाही, वाटेच्या तोंडाशी बसून येणाऱ्यांना नाल्याचं पाणी किती आहे ते सांगणं हेही काम आहे.

मे संपता संपता प्रत्येक टप्प्याच्या माणसाने आपले सगळे निचरे फावड्याने मोकळे करून त्यांचे फोटो गटावर टाकायचे. ज्या टप्प्याचे फोटो आले नाहीत, तिथे पुढच्या रविवारी शेजारच्या दोन टप्प्यांतली माणसं फावडी घेऊन जातात. मान्सून कोणाची वाट बघत नाही, म्हणून हे काम जूनच्या पहिल्या आठवड्याआधी उरकलेलं हवं.